तळे आणि ओंजळ : अपंग वाचक, ग्रंथालय आणि आपली चळवळ

दलित समाजाच्या शिक्षणाचा इतिहास आपण सांगतो, तेव्हा तो बहुधा दारापाशी सुरू करतो आणि दारापाशीच संपवतो. वर्गाबाहेर बसवलेली मुले, देवळाच्या पायरीवर अडवलेली माणसे, पाणवठ्यावरून हाकललेल्या बाया. दार बंद होते, लढा झाला, दार उघडले. ग्रंथालयाचा इतिहासही आपण असाच सांगतो. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. तालुक्याच्या ग्रंथालयात नाव नोंदवले तेव्हा कोणी जात विचारली नाही, याचे मला फार अप्रूप वाटले होते. लढाई संपली, असे मी तेव्हा समजलो. दार उघडून आत आलेल्या माणसापुढे पुस्तकच बंद राहिले तर काय, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. तो पुढे एका विद्यार्थ्याने माझ्यापुढे टाकला. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधण्याचा प्रयत्न आहे.

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला माझ्या वर्गात एक पूर्ण अंध विद्यार्थी आला. आपल्याच समाजातला, माझ्या वस्तीसारख्याच वस्तीतला. अभ्यासक्रमाला एक दलित आत्मकथन होते. ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर. जिने चढून तो गेला, पुस्तक मागितले, त्याला ते मिळालेही. त्याने ते पाठपोट चाचपले आणि परत दिले. नोंदवहीत मात्र 'पुस्तक दिले, पुस्तक परत आले' अशी बिनचूक नोंद झाली. कोणीही त्याला नाही म्हटले नव्हते.

मग मी त्याला पुस्तक सांगू लागलो. सांगू लागलो म्हणजे प्रकरणाप्रकरणाचा सारांश, त्यातले महत्त्वाचे प्रसंग, माझी त्यावरची मते. परीक्षेत त्याने उत्तम लिहिले. उत्तरपत्रिका वाचताना मला आनंद झाला आणि थोड्या वेळाने ओशाळल्यासारखे झाले, कारण त्यातले प्रत्येक वाक्य माझे होते. मी त्याला तसे म्हणालो, तेव्हा तो सहज बोलला, "सर, तुम्ही जेवढं सांगितलं तेवढंच माझं पुस्तक. दुसरं कुठून आणू?"

पुढे एका स्वयंसेवी वाचकाने ते आत्मकथन ध्वनिमुद्रित करून दिले. मी छापील प्रत हातात घेऊन त्याच्याबरोबर ऐकायला बसलो. वाचणाऱ्याचा आवाज स्वच्छ, उच्चार शुद्ध. परंतु शिव्या गळल्या होत्या. मेलेल्या जनावराच्या मांसाचा प्रसंग दोन वाक्यांत आटोपला होता. एक अख्खे पान 'यानंतर लेखक आपल्या हालअपेष्टांचे वर्णन करतो' एवढ्यावर भागवले होते. वाचणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला ते तोंडातून काढवले नाही, एवढेच. विद्यार्थी हसला. म्हणाला, "शिव्या आमच्या गल्लीत रोज ऐकतो, सर. पुस्तकात तेवढ्या मला सोसल्या नसत्या काय?"

त्या हसण्याने मला आपला जुना पाणवठा आठवला. आपल्या आज्या-पणज्यांना पाणी अजिबात मिळत नव्हते, असे नाही. विहिरीवर कोणी दयावंत बाई थांबली तर ती घागरीतून वरून धार धरी आणि खाली ओंजळ करून आपली माणसे ते पीत. तहान भागे. पण किती ओतायचे, केव्हा थांबायचे आणि ओतायचे की नाही, हे सारे घागर धरणाऱ्या हातावर होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह चालत जाऊन त्या पाण्यात हात घालावा लागला आणि न्यायालयाचा अखेरचा निर्णय यायला १७ मार्च १९३७ उजाडला. महाडला प्रश्न तहानेचा नव्हता. स्वतःच्या हाताने पाणी घेण्याचा होता.

अंध वाचकाला आज जे मिळते ते बहुतेक वेळा वरून ओतलेले वाचन आहे. मी सारांश ओतत होतो, तो स्वयंसेवक गाळून ओतत होता. दोघेही दयाळू. तळे मात्र आमच्याच ताब्यात.

२

हे असे का झाले, याचे मूळ शोधताना मी पुन्हा त्याच ग्रंथांपाशी आलो, ज्यांच्यापाशी आपली प्रत्येक चर्चा येऊन पोचते. मनुस्मृतीची शूद्राविषयीची व स्त्रीविषयीची वचने आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असतात. नवव्या अध्यायातल्या दायभागाच्या चर्चेकडे मात्र आपण फारसे वळत नाही. तेथे जन्मांध, बहिरा, मुका, वेडा, जडबुद्धी आणि इंद्रियहीन यांना पित्याच्या संपत्तीत वाटा नाही असे सांगितले आहे. लगेच पुढच्या श्लोकात त्यांना जन्मभर अन्नवस्त्र द्यावे, न देणारा पतित होतो, अशी आज्ञा आहे. हे दोन श्लोक एकत्र वाचले पाहिजेत. वाटा नाही, अन्नवस्त्र आहे. म्हणजे अपंगाला उपाशी मारायचे नाही, परंतु त्याला वारस मानायचे नाही. दया करणे हे इतरांचे पुण्य. मागणे हा त्याचा अधिकार नव्हे. त्याच ग्रंथाचा अकरावा अध्याय शरीरातल्या व्यंगांचा संबंध पूर्वकर्मातील पापांशी जोडतो. जातीच्या जन्माला जे कारण दिले, तेच व्यंगालाही दिले.

गौतम धर्मसूत्र आणखी पुढे जाते. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू ओतावा, वेद उच्चारणाऱ्याची जीभ छाटावी, असे दंड त्यात सांगितले आहेत. या वचनांचा उल्लेख आपण ज्ञानबंदीचा पुरावा म्हणून करतो आणि ते योग्यच आहे. परंतु शिक्षेचे स्वरूप काय, याकडे पाहा. ज्ञान घेणाऱ्याला बहिरा करणे, मुका करणे. ज्ञानाचा अधिकार मागणाऱ्या शूद्राला अपंग करावे, असे हे शास्त्र सांगते. जातीने केलेली ज्ञानबंदी आणि शरीराच्या व्यंगाने आलेली ज्ञानबंदी हे दोन वेगळे विषय आहेत असे आपण मानत आलो. धर्मसूत्रकाराला ते तसे वाटत नव्हते.

वारसाहक्कापुरती ही बंदी मोडायला कायद्याला बराच वेळ लागला. १९२८ च्या एका कायद्याने मिताक्षरा पद्धतीतील बहुतेक व्यंगांची आडकाठी काढली, जन्मतः वेडा वा जडबुद्धी असलेल्यांना मात्र बाहेरच ठेवले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने रोग, दोष वा व्यंग या कारणाने कोणीही वारस म्हणून अपात्र ठरणार नाही असे स्पष्ट केले. जमीनजुमल्यात वाटा मिळाला. ज्ञानाच्या वारशाचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

३

अंधांच्या वाचनाचा इतिहास पॅरिसमध्ये सुरू होतो आणि तो आपल्या इतिहासाशी इतका मिळताजुळता आहे, की वाचताना मला वारंवार थांबावे लागले.

लुई ब्रेल १८०९ मध्ये जन्मला. बाप खोगीर आणि घोड्याचा चामडी साज करणारा. तीन वर्षांचा लुई बापाच्या दुकानात चामड्याला भोक पाडण्याच्या आरीशी खेळत होता. ती डोळ्यात गेली, जखम चिघळली आणि काही काळाने दोन्ही डोळे गेले. आरी म्हणजे काय, हे आपल्यातल्या अनेकांना समजावून सांगावे लागत नाही. दहा वर्षांचा झाल्यावर तो पॅरिसच्या अंधशाळेत आला. व्हालांतँ आउई याने स्थापन केलेल्या या शाळेत पुस्तके होती, परंतु ती डोळसांचीच अक्षरे कागदावर उठावदार करून छापलेली. अवाढव्य, जड, बोटांनी एकेक वळण चाचपत वाचायची. आणि त्या पद्धतीत लिहिणे तर जवळजवळ अशक्यच. अंध मुलाने वाचावे एवढी कल्पना लोकांना झाली होती; त्याने लिहावे, ही झाली नव्हती.

शार्ल बार्बिए नावाच्या माजी सैनिकी अधिकाऱ्याने अंधारात संदेश वाचता यावेत म्हणून बारा टिंबांची पद्धत काढली होती. त्यावरून पंधरा वर्षांच्या लुईने १८२४ मध्ये सहा टिंबांची लिपी बांधली. बोटाच्या एका पेराखाली एक अक्षर पूर्ण मावावे, एवढी ती आटोपशीर. १८२९ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. अणकुचीदार टोच्याने कागदावर टिंबे टोचायची, कागद उलटून वाचायची. ज्या जातीच्या हत्याराने डोळे गेले, तशाच हत्याराने अक्षर आले.

शाळेतल्या मुलांनी ही लिपी ताबडतोब उचलली. परंतु १८४० नंतर आलेल्या द्यूफो नावाच्या नव्या संचालकाने तिच्यावर बंदी घातली, जुनी पुस्तके जाळली, लिहिण्याची साधने जप्त केली. डोळस शिक्षकांना ती लिपी वाचता येत नव्हती. मुले आपसांत काय लिहितात हे आपल्याला कळणार नाही आणि अंध माणसे डोळसांपासून वेगळी पडतील, ही भीती बंदीच्या मुळाशी होती. मुलांनी चोरून, विणण्याच्या सुया आणि काटे वापरून ती चालू ठेवली. चार-एक वर्षांत संचालकाला नमावे लागले. लुई ब्रेल १८५२ मध्ये वारला. फ्रान्सने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये.

या हकिगतीचा अन्वयार्थ माझ्या मते असा : ज्यांना लिपीची गरज नव्हती, ते लिपी ठरवत होते, आणि ज्यांना गरज होती त्यांनी स्वतः घडवलेली लिपी त्यांना धोक्याची वाटली. आपल्या साहित्याच्या वाट्याला जे आक्षेप आले, 'ही भाषा वाचवत नाही', 'हे वाङ्मय समाजाला वेगळे पाडते', ते मला येथे पूर्वीच उच्चारलेले दिसले.

४

भारतात अंधांच्या शाळा मिशनऱ्यांनी आणल्या. १८८७ मध्ये अमृतसरला ॲनी शार्प यांची शाळा निघाली. मुंबईत अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी दुष्काळानंतरच्या दिवसांत, १९०० मध्ये, शाळा सुरू केली. निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या ब्रेल संहिता चालत. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या प्रांतातले पुस्तक परके. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' ही एकच संहिता ठरली. मराठीतला क, बंगालीतला क आणि तमिळमधला क बोटाखाली एकच झाला. त्याच सुमारास डेहराडूनला मध्यवर्ती ब्रेल छापखाना सुरू झाला. हे मोठे काम होते. परंतु पुस्तके अंधांच्या संस्थांत राहिली. गावोगावच्या, शहरोशहरीच्या सार्वजनिक ग्रंथालयांचा या इतिहासाशी संबंध आला नाही. अंध वाचकाची ग्रंथालये एका वाटेने चालली, बाकीच्यांची दुसऱ्या.

वास्तविक वाचक येऊ शकत नसेल तर ग्रंथालयाने त्याच्याकडे जावे, हे तत्त्व आपल्याकडे नवे नव्हते. बडोद्यात सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी तज्ज्ञाला बोलावून मोफत ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेड्यांत जाऊ लागली. ज्यांनी बाबासाहेबांना १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले, त्याच राजाची ही दृष्टी. आणि त्याच बडोद्यात १९१७ मध्ये नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. पुस्तकांची पेटी गावोगाव फिरत होती, ग्रंथांवर सर्वांत अधिक प्रेम करणारा माणूस झाडाखाली बसला होता. व्यवस्था उदार असू शकते आणि तरीही माणसाला बाहेर ठेवू शकते, हा धडा ग्रंथालयांच्या बाबतीत विसरता येणार नाही.

राज्यघटनेकडे वळू. येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सरकारी पैशावर चालणारी सार्वजनिक वापराची ठिकाणे सर्वांना मोकळी केली. महाडचे तळे येथे घटनेत आले आणि सरकारी पैशावर चालणारे ग्रंथालयही याच छत्राखाली येते. परंतु धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या पाच कारणांवरून होणारा भेदभाव तेथे निषिद्ध आहे. अपंगत्व हे कारण त्या यादीत नाही. अपंगत्वाचा उल्लेख येतो तो एक्केचाळिसाव्या अनुच्छेदात, राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करायच्या साहाय्याच्या संदर्भात, आणि हे मार्गदर्शक तत्त्व न्यायालयात बजावता येत नाही. सातव्या अनुसूचीतील राज्यसूची उघडली तर नवव्या क्रमांकावर अपंग व काम करण्यास असमर्थ माणसांना द्यायचे साहाय्य आहे. बाराव्या क्रमांकावर ग्रंथालये आहेत. एकाच यादीत मध्ये फक्त दोन क्रमांक. तरी हे दोन विषय अनेक दशके एकमेकांना भेटले नाहीत. एक खाते मदत वाटत राहिले, दुसरे पुस्तके.

यात घटनाकारांना दोष देण्याचा हेतू नाही. त्या काळात अपंगांची संघटित मागणीच उभी राहिली नव्हती आणि मागणी उभी केल्याशिवाय काही मिळत नाही, हे बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवले. पण वाटा आणि अन्नवस्त्र यांतला जुना फरक नव्या कागदावरही उमटला, हे नाकारता येणार नाही. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. परिषद, संचालनालय, अनुदान, अ-ब-क-ड अशी वर्गवारी, अशी व्यवस्था लागली. ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना ग्रंथ किती, नियतकालिके किती, सभासद किती हे मोजले जाऊ लागले. कोण येऊ शकला नाही, हे मोजण्याचे माप ग्रंथालयांकडे नव्हते.

५

आता एक प्रसंग, जो आपल्या चळवळीला माहीत असायला हवा होता.

अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात ५०४ क्रमांकाचे कलम आले. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला, म्हणजे शाळा, रुग्णालये, ग्रंथालये यांना, अपंगत्वाच्या कारणावरून कोणालाही वगळता येणार नाही, असा त्याचा आशय. पण नियमांवर सही होईना. चार वर्षे गेली. ५ एप्रिल १९७७ रोजी अपंग आंदोलक सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कार्यालयात शिरले आणि बाहेर पडायला नकार दिला. शंभराहून अधिक माणसे : चाकाच्या खुर्चीतली, अंध, बहिरी, कोणाला रात्री कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागणारी. फोन तोडले गेले. तीन आठवड्यांहून अधिक काळ ती तेथेच जमिनीवर झोपली. २८ एप्रिलला संबंधित मंत्र्याने नियमांवर सही केली.

इतके दिवस त्यांना जेवण कोणी पुरवले? ब्लॅक पँथर पक्षाने. ओकलंडहून पँथरचे कार्यकर्ते रोज गरम जेवण घेऊन येत. आंदोलकांत ब्रॅड लोमॅक्स नावाचा पँथरचा कार्यकर्ता होता. मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे तो चाकाची खुर्ची वापरत असे. त्याच्यामुळे पँथरना हा प्रश्न आपला वाटला.

आपण १९७२ मध्ये मुंबईत त्या पँथरचे नाव घेतले. पुढच्या वर्षीच्या जाहीरनाम्यात 'दलित' शब्दाची व्याख्या रुंद केली : अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकीय-आर्थिकदृष्ट्या व धर्माच्या नावाने पिळले जाणारे सगळे. ही व्याख्या आजही माझा अभिमान आहे. तिच्या अखेरच्या शब्दांत अपंग माणूस बसतो, असे म्हणता येईल. पण नावाने तो तेथे नाही. आपण पँथरचे नाव घेतले, बाणा घेतला. जेवणाचे डबे घेऊन दुसऱ्याच्या लढ्यात उभे राहण्याची त्यांची रीत आपल्यापर्यंत पोचली नाही.

आणि तो 'दुसरा' तरी कुठे आहे? २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी अपंग माणसे नोंदली गेली, त्यांपैकी २९.६ लाख महाराष्ट्रात. अनुसूचित जातींत अपंगांचे प्रमाण २.४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या समाजात २.१८ टक्के. हा फरक दैवाने पडत नाही. खाणीत, गटारात, वीटभट्टीवर, उसाच्या फडात कोण राबते, बाळंतपणात दवाखाना कोणाला लांब पडतो, तान्ह्या मुलाला सकस अन्न कोणाच्या घरी मिळत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. देशातल्या अपंगांपैकी जेमतेम ५४.५ टक्के साक्षर. अपंग आणि दलित, असे दोन दरवाजे ज्याच्यापुढे आहेत, तो माझ्या वर्गापर्यंत पोचला हेच विशेष.

६

गेल्या तीस वर्षांत कायद्याने मात्र पुष्कळ वाट चालली आहे, आणि कार्यकर्त्यांनी ती नीट समजून घेतली पाहिजे. १९९५ मध्ये अपंग व्यक्तींचा पहिला सर्वंकष कायदा झाला. २०१६ मध्ये त्याच्या जागी हक्कांच्या भाषेत बोलणारा नवा कायदा आला. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत आणि अस्तित्वातील सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात असे बंधन आहे. नियम जून २०१७ मध्ये निघाले. मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम करण्यास सांगितले. महाड नगरपालिकेचा ठराव आणि चवदार तळे यांच्यामध्ये जे अंतर होते, तेच हे अंतर.

पुस्तकांच्या बाबतीत आणखी महत्त्वाची घटना २०१२ ची. त्या वर्षीच्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात अशी तरतूद आली, की अपंग वाचकाला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करणे व त्याला वैयक्तिक वाचनासाठी, शिक्षणासाठी वा संशोधनासाठी ती देणे हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे. संस्थेने हे नफ्यासाठी करू नये, एवढी अट. पुढे २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे याच हेतूने आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत, जून २०१४ मध्ये. ३० सप्टेंबर २०१६ पासून तो अमलात आला. ऑगस्ट २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे अंधांसाठीचे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले. मराठीत २००८ पासून स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक चालवून दाखवले आहे.

याचा अर्थ असा, की माझ्यासारख्या प्राध्यापकाने किंवा एखाद्या वस्तीतल्या अभ्यासिकेने विद्यार्थ्यासाठी पुस्तकाची वाचता येण्याजोगी प्रत केली तर तो गुन्हा नाही. हे मला अनेक वर्षे ठाऊक नव्हते. मी घाबरत होतो, आणि त्या भीतीमागे माझा आळस सुरक्षित होता.

नावाचाही एक मुद्दा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि तो सरकारी कागदांवर आला. अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याला हरकत घेतली. आपल्याला तरी त्या हरकतीचे कारण वेगळे सांगायला नको. 'हरिजन' या नावाने आपल्याला देवाची माणसे म्हटले होते; पाणवठा त्याने खुला झाला नव्हता. देवत्व देणाऱ्याला हक्क द्यावा लागत नाही.

७

आता आपल्या घरात पाहू. प्रस्थापितांना विचारलेला प्रश्न स्वतःला न विचारणे हा चळवळीचा स्वभाव होऊ नये.

आपली अभ्यासिका बहुधा बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर असते आणि जिना अरुंद असतो. जयंतीच्या व्याख्यानमालेत सांकेतिक भाषेचा दुभाषी मी कधी पाहिला नाही. बहिऱ्या मुलाने बाबासाहेब भिंतीवरच्या तसबिरीत पाहावेत, एवढीच आपली सोय. ज्या समाजाने धम्म स्वीकारताना पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त टाकला, त्याच्या वस्तीत अंध मूल जन्मले की 'गेल्या जन्मीचं' हे शब्द अजून ऐकू येतात. १९५४ मध्ये बाबासाहेब महिनोन्महिने अंथरुणाला खिळले होते, त्यांची दृष्टी मंदावत गेली होती, आणि तशा अवस्थेत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पूर्ण केला. हे आपण त्यागाची कथा म्हणून सांगतो. ज्याचे डोळे गेले आहेत, त्यालाही ग्रंथाची तितकीच भूक असते, असा अर्थ आपण त्यातून काढत नाही.

आणि आपली नियतकालिके, आपली पुस्तके? दलित साहित्याचा मोठा भाग लहान प्रकाशकांनी, पदरमोड करून छापला. खिळ्यांच्या काळातले सोडा. संगणकावर जुळवलेली पुस्तकेही बहुतेक जुन्या डीटीपी फॉन्टांत आहेत. तो मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो परक्या अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा असतो. एनव्हीडीए ही पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी मोफत प्रणाली २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने सुरू केली आणि दुसऱ्या अंध तरुणाने त्याला साथ दिली. ब्रेलप्रमाणेच ही गरजवंतांनी स्वतः घडवलेली वस्तू. ती मराठीही वाचते. पण आपला अंक तिच्यापुढे ठेवला तर ती निरर्थक अक्षरे बडबडते. युनिकोडमध्ये जुळवलेला तोच मजकूर ती सुरळीत वाचते. म्हणजे एखाद्या अंध विद्यार्थ्याला सनातन्यांच्या पोथ्या युनिकोडमध्ये मिळाव्यात आणि आपली आत्मकथने मिळू नयेत, अशी अवस्था आपण आपल्याच हाताने ठेवू शकतो.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. लेखकांनी व प्रकाशकांनी नव्या पुस्तकाची युनिकोड प्रत राखावी आणि मागणाऱ्या अंध वाचकाला द्यावी. जुन्या पुस्तकांची पाने फोनने टिपून, मजकुरात उतरवून, चुका दुरुस्त करण्याचे काम महाविद्यालयीन विद्यार्थी करू शकतात. कायदा त्यांच्या बाजूने आहे. ग्रंथालयाच्या अनुदानाविषयी बोलणाऱ्या प्रत्येक शिष्टमंडळाने तळमजल्यावरची खोली, उतार आणि वाचणारा संगणक यांची मागणी निवेदनात घालावी. आणि या कामाला सेवा म्हणू नये. सेवेत घागर आपल्याच हातात राहते.

माझ्या विद्यार्थ्यासाठी अखेर आम्ही काही जणांनी ते आत्मकथन असेच मजकुरात उतरवले. चार वर्गमित्रांनी पाने वाटून घेतली. शिवी आली की थांबून मला विचारत, "सर, ही अशीच ठेवायची ना?" मी म्हणे, अशीच. त्याने ते स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या वेळेला, कानाला यंत्र लावून ऐकले. आवडले तेथे मागे गेला, कंटाळा आला तेथे पुढे सरकला. मग एके दिवशी तास संपल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आईच्या प्रकरणाबद्दल तुम्ही जे सांगितलं होतं ना सर, ते मला पटलं नाही. लेखक तिच्यावर रागावलेला नाही. तुम्ही घाईनं वाचलंय."

मी घरी येऊन ते प्रकरण पुन्हा वाचले. त्याचे म्हणणे मला अजूनही पूर्ण पटलेले नाही. आमचा वाद चालू आहे.